रंगाखालचा गंज: जुनी गाडी घेताना आणि मोडताना

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, गाड्यांचं आम्हाला काय सांगता, ते घरातली पुरुषमाणसं बघतील. पण हल्ली बचत गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: माल बाजाराला न्यायला गाडी पाहिजे. टेम्पोचं भाडं परवडत नाही, एसटीत डबे-गोण्या चढवताना वाद होतात. मग कुणीतरी सांगतं, अमक्याची व्हॅन विकायची आहे, स्वस्तात मिळतेय, रंग बघा कसा चकाचक आहे. पैसे गटाचे, कर्ज गटाचं, आणि त्या गाडीत मागे बसून बाजाराला जाणार त्याही गटातल्याच बायका. मग गाडी बघायची कुणी? आपणच.

मी किनाऱ्याकाठच्या तालुक्यात राहते. आमचं घरचं गॅरेज आहे. हिशेबाची वही माझ्याकडे असते, आणि वही सांभाळता सांभाळता पाने-हातोड्यांचीही ओळख झाली. आमच्याकडे इंजिनं बिघडून जितक्या गाड्या कायमच्या थांबतात, त्याहून जास्त पत्रा खाऊन थांबतात. इंजिन बिघडलं तर आवाज करतं, धूर सोडतं, काहीतरी सांगतं तरी. गंज काही सांगत नाही.

(विदर्भातल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे गंज म्हणजे भात शिजवायचं पातेलं, हे मला ठाऊक आहे. आमच्या शेजारी नागपूरकडची सून आली तेव्हा ‘गाडीला गंज लागला’ ऐकून ती गाडीला पातेलं कुठे आपटलं ते बघायला बाहेर आली होती. आज मी लोखंडाला लागतो त्या गंजाबद्दल बोलतेय.)

गव्हावर, सोयाबीनवर तांबेरा पडला की पानावर दिसतो, बोटाला तांबडी पूड लागते. गाडीचा तांबेरा उलटा असतो. तो आतून सुरू होतो आणि बाहेर सगळ्यात शेवटी येतो. घरातला पत्र्याचा जुना डबा आठवा. त्याला भोक कुठे पडतं? मधोमध कधीच नाही. बुडाच्या कडेला पडतं, जिथे दोन पत्रे एकमेकांत दुमडलेले असतात. त्या दुमडीत ओल शिरते आणि वाळत नाही. गाडी म्हणजे असे शेकडो दुमडलेले, जोडलेले पत्रे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज धरतो, आणि तिथे मीठ असलं की तो झपाट्याने वाढतो. लोणच्याच्या बरणीत आपण लोखंडी चमचा ठेवत नाही ना, कारण तेच. शिवाय लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणून तो रंगाला आतून ढकलतो, फोड आणतो, आणि कारखान्यात जोडलेले दोन पत्रे एकमेकांपासून फाकवतो. रंगावर तांदळाएवढा फोड दिसला, तर आत रुपयाएवढा पत्रा गेलेला असतो, हे धरून चालायचं.

आता मीठ म्हटल्यावर घाटावरच्या बायका म्हणतील, हे कोकणातल्यांचं दुखणं, खारा वारा तुमच्याकडे. खारा वारा आहेच. खाडीकाठी उभी राहणारी गाडी आणि सोलापुरात उभी राहणारी गाडी एकाच साली घेतली तरी दहा वर्षांनी बहिणी वाटत नाहीत. पण मीठ काही फक्त समुद्रातून येत नाही. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत रासायनिकदृष्ट्या एक क्षारच आहे. त्याची गोणी फाटून गाडीच्या फ्लोअरवर सांडली आणि मॅटखाली गेली, तर ते ओल धरून पत्रा खात बसतं. मासळीच्या टोपलीतून गळणारं बर्फाचं पाणी, लोणच्याचा खार, शेळ्या नेल्या तर त्यांचं मूत, ही सगळी त्याच जातीची. बॅटरीतून उडणारं ॲसिड तर त्याहून वाईट. म्हणून जुनी गाडी बघताना पहिला प्रश्न किती किलोमीटर चालली हा विचारू नका. ‘यात काय वाहून न्यायचात?’ असं विचारा. माणूस किलोमीटर लपवतो, पण ‘मासळी न्यायचो’ हे सहज सांगून जातो.

एवढं घाबरायचं कारण काय, असं वाटत असेल, तर गाडी कशी उभी असते ते समजून घ्या. बोलेरो, सुमो अशा गाड्यांना खाली जाड लोखंडाची वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. मारुती ८००, ओम्नी, अल्टो, वॅगन आर यांना तशी वेगळी चासी नसते. पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, फ्लोअर, दाराखालचे उंबरे, चाकांवरचे घुमट, हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा. आणि हा पत्रा बहुतेक ठिकाणी पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. म्हणजे अशा गाडीचा दाराखालचा पट्टा गंजला, तर ती नुसती शोभेची बाब राहत नाही, घराची तुळई वाळवीने खाल्ल्यासारखं आहे ते. आपल्या गटांना सगळ्यात जास्त दाखवली जाते ती ओम्नी. सरकतं दार, सपाट जागा, दुरुस्ती सोपी, मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती बनणं २०१९ मध्ये बंद झालं, म्हणजे आज बाजारात येणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे असतो तो फक्त पत्रा. तो पत्रा धड आहे की लांबी भरून गुळगुळीत केलेला, हे म्हणून महत्त्वाचं.

लांबी म्हणजे पेंटर लोक खड्डे बुजवायला वापरतात तो लगदा, पुट्टीच्या जातीचा. पत्र्याला भोक पडलं की प्रामाणिक कारागीर गंजका भाग कापून नवा पत्रा जोडतो. विकण्यापुरतं काम करणारा भोकात जाळी किंवा कागद कोंबतो, वर लांबी थापतो, घासतो आणि रंग मारतो. उजेडात काही दिसत नाही. यावर आपल्याकडे साधं हत्यार आहे. जुन्या स्पीकरमधला किंवा फ्रिजच्या दारावर लावतात तो लोहचुंबक घ्या, मऊ कापडात गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडा पडणार नाही, आणि गाडीच्या खालच्या अंगाने, दारांच्या तळाशी, मागच्या चाकांच्या कमानीवर तो फिरवत न्या. पत्र्याला तो धरतो. लांबी जाड असेल तिथे सुटतो. बंपर हल्ली प्लास्टिकचे असतात, तिथे तो धरणारच नाही, तेव्हा त्यावरून भांडू नका. चुंबक नसेल तर बोटाच्या पेराने टकटक करा. मडकं घेताना आपण कसं वाजवून घेतो, तसं. कोरा पत्रा खणखणतो, लांबी भरलेली जागा भाकरीच्या पिठावर टिचकी मारावी तशी वाजते.

मग आत या. पायाखालचं मॅट उचला, नुसतं सरकवू नका, पूर्ण उचला. विकणारा कुरकुर करेल, करू दे. कुबट वास आला, खालचा फेल्ट ओला लागला, तर पाणी कुठून तरी शिरतंय. बहुतेक वेळा ते काचेच्या किंवा दाराच्या रबरातून येतं. दाराचं रबर हाताने ओढून बघा, ते सहज निघतं आणि सहज परत बसतं. त्याच्या खाली पत्र्याची खरी कड असते, आणि ती रंगवायची आठवण फार थोड्यांना राहते. तिथे तांबडा भुसा दिसला तर बाकी गाडीचा अंदाज घ्या. सीट जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे फ्लोअर दाबून पाहा. ओम्नीत मागे बाकडी बसवलेली असतात, त्यावर सहा-सात जणी बसतात. खालचा पत्रा कागदासारखा झाला असेल तर ब्रेक मारताना बाकड्यासकट सगळ्या पुढे येतील. सीटबेल्टचा खालचा बोल्ट जिथे असतो तिथेही तसंच. बेल्ट नवा असून काय उपयोग, तो ज्या पत्र्याला धरलाय तोच सुटला तर?

दारं उघडा-मिटा. सरकतं दार एका बाजूला लोंबतंय, पुढचं दार लावताना थोडं उचलावं लागतंय, तर बिजागरीचा दोष असू शकतो, पण दाराखालचा उंबरा खचल्यानेही तसंच होतं. दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते लांब उभं राहून बघा. या कामाला आपली नजर तयार असते, साडीचा काठ वाकडा गेला तर आपल्याला दहा फुटांवरून कळतं. दारांच्या आणि उंबऱ्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजलेली असतील तर आत पाणी साचतं. हेअरपिन घालून बघा. ओली तांबडी माती बाहेर आली की समजायचं.

आणि आता खाली वाका. साडी खोचा, गोणपाट टाका, मोबाइलचा टॉर्च लावा. गाडी जॅकवर उचललेली असताना तिच्याखाली जायचं नाही. गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेतली तरच आत शिरायचं, नाहीतर बाजूने झोपून बघायचं. सगळा तळ ताजा काळाकुळकुळीत रंगवलेला दिसला तर खूश होऊ नका. जुन्या गाडीचा तळ धुळीचा, तेलकट, राखाडी असतो आणि तसाच बरा. विकण्याच्या आठवड्यात डांबरासारखा जाड काळा थर मारलेला असेल तर तो बहुतेक वेळा गंजावर मारलेला असतो. त्याने ओल आत कोंडते आणि गंज आणखी जोरात वाढतो. मागच्या पाट्यांची टोकं जिथे बॉडीला अडकवलेली असतात, पुढच्या शॉकअपची वरची टोकं जिथे घुमटाला धरतात, या दोन जागा सोडू नका. तिथला पत्रा फाटला तर चाक जागचं हलतं. आणि ब्रेकच्या तेलाचे बारीक लोखंडी पाइप तळाने मागे गेलेले असतात, ते बघा. तांबडे होऊन खरबरीत झाले असतील तर किंमत पाडून घ्यायची सवलत म्हणून ते सोडायचे नाहीत. ते बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. ब्रेक दाबल्यावर तो पाइप फुटला तर घाटात काय होईल, ते सांगायला नको.

गॅसवर चालणारी गाडी असेल तर आणखी एक. सीएनजीची टाकी वजनाला भरपूर असते आणि ती पट्ट्यांनी फ्लोअरला बांधलेली असते. त्या पट्ट्यांखाली ओल अडकते. टाकी हलवून बघा. शिवाय या टाकीची दर ३ वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते, त्याचा दाखला मागा. दाखला नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

एका खाडीकाठच्या गावातला गट अशीच एक ओम्नी घेऊन आमच्याकडे दाखवायला आला होता. सोलकढीचं आगळ, लोणची, सुकी मासळी असा त्यांचा माल. किंमत ठरली होती ६० हजार, इसार द्यायचा बाकी होता. गाडी खरोखर सुंदर दिसत होती. पांढरा रंग नवा, सीटकव्हर नवी, चावीला देवाचं लॉकेट. चुंबक तीन ठिकाणी सुटला, पण विकणारा म्हणाला, थोडं डेंटिंग केलंय, जुन्या गाडीला एवढं चालायचंच. मग आमच्या मुलाने चाक काढायला जॅक लावला, दाराखाली, कंपनीने ठरवून दिलेल्या जागी. जॅक वर जायला लागला आणि गाडी जागची हलेना. कर्र असा आवाज आला आणि जॅकचं डोकं उंबऱ्यातून आत गेलं. आतून निघाला तांबड्या भुशाचा ढीग आणि बरोबर एक वर्तमानपत्र, घडी करून कोंबलेलं. गटाच्या सचिव बाईंनी ते उलगडून तारीख वाचली, अडीच महिन्यांपूर्वीची होती. विकणाऱ्याला कुणी एक शब्दही बोललं नाही. त्या बायका रिक्षा करून परत गेल्या. त्यांनी वर्षभराने दुसरी गाडी घेतली, तिचं इंजिन तेल पितं, रंग विटलाय, दिसायला अगदीच यथातथा. पण तळ कोरा आहे. मला विचाराल तर सौदा उत्तम झाला. इंजिनाचं काम पैशाने होतं, खाल्लेला सांगाडा पैशाने पुरता परत येत नाही.

सगळ्याच गंजाला घाबरून गाडी सोडायची का? तसं नाही. दाराच्या खालच्या कडेचा गंज, बोनेटवरचे डाग, सायलेन्सर, मडगार्डची कड, हे खर्चाचं काम आहे, धोक्याचं नाही. दार तर जुन्या बाजारातून दुसरं मिळतं. उंबरे, फ्लोअर, पाट्यांच्या आणि शॉकअपच्या जागा गेल्या असतील तर मात्र नाही म्हणायचं. पत्रा मारून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, ‘गंजका भाग कापून काढणार की त्यावरच ठिगळ लावणार?’ विरलेल्या लुगड्याला नव्या कापडाचं ठिगळ लावलं की ठिगळाच्या कडेने फाटतं. पत्र्याचं तसंच, वेल्डिंगच्या उष्णतेने कडेचा उरलासुरला पत्राही जळतो. आणि पेट्रोलची टाकी, गॅसची टाकी न काढता त्यांच्याजवळ वेल्डिंग करू देऊ नका, बॅटरीची वायर सोडायला लावा. ‘काही होत नाही’ म्हणणारे मिस्त्री भरपूर आहेत.

घेतलेली गाडी सांभाळायची रीत आपल्याला नवी नाही. विळी, कोयता ठेवताना आपण तेलाचं बोट फिरवतो, ती गाडीची वरसाल. पावसाळा संपला की तळ साध्या पाण्याने दाबाने धुवून घ्यायचा, दोन दिवस उन्हात दारं उघडी ठेवून वाळू द्यायची, भोकं मोकळी करायची, आणि उंबऱ्यांच्या पोकळीत आतून गंजरोधक मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारून घ्यायचा. मासळी किंवा लोणचं नेणार असाल तर खाली कडा उचललेला प्लास्टिकचा ट्रे ठेवा. गाडी ओली असताना ताडपत्रीने गुंडाळून ठेवू नका. गाडी झाकली की जपली असं वाटतं, पण आत तिला घाम फुटतो.

आता दुसरी बाजू. गाडी संपली, अंगणात उभी आहे, कोंबड्या आत अंडी घालताहेत, आणि भंगारवाला दारात येऊन म्हणतो, वहिनी, देऊन टाका, रोख देतो. इथे आपली जास्त फसगत होते. बचत गटाची गाडी बहुतेक कुणा एका बाईच्या नावावर असते, अध्यक्ष नाहीतर सचिव. गाडी भंगारात गेली तरी आरटीओच्या दफ्तरात ती त्या बाईच्याच नावावर चालू राहते. तिचा नंबर, तिच्या चासीचा नंबर दुसऱ्या गाडीला लावून कुणी काही केलं तर पोलीस तिच्या दारात येतात. गाडी विकूनही नाव न बदललेल्यांचं काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे: दफ्तरात ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून आधी कागद, मग पाना. मोटार वाहन कायदा सांगतो की गाडी मोडली किंवा कायमची निकामी झाली तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. २०२१ साली केंद्र सरकारने गाड्या मोडण्याच्या केंद्रांसाठी नियम केले. आता नोंदणी झालेल्या केंद्रात गाडी दिली की गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते जपून ठेवायचं, कारण नवी गाडी घेताना ते दाखवलं तर नोंदणीची फी माफ होते आणि मोटार वाहन करातही सवलत मिळते. भंगारवाल्याच्या रोख पैशांशी तुलना करताना हे पैसे हिशेबात धरा. कर्ज असेल तर बँकेचा बोजा आधी उतरवा, नाहीतर पुढचं काही सरकणार नाही.

भंगारवाला किलोने भाव सांगतो आणि लोखंडाचा सांगतो. पण गाडी काही नुसतं लोखंड नसते. इंजिनाचं डोकं, गिअरबॉक्सचं कवच यात ॲल्युमिनियम असतं. सेल्फमध्ये, अल्टरनेटरमध्ये, वायरिंगमध्ये तांबं असतं. बॅटरीत शिसं असतं, ती नव्या बॅटरीच्या दुकानात बदल्यात दिली तर किंमत वजा होते. आणि सायलेन्सरच्या नळीत मध्येच एक फुगीर डबा असतो, धूर स्वच्छ करणारा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला. त्यात आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर असतो. तो डबा भंगारवाला लोखंडाच्या भावात नेतो आणि तिसऱ्या दिवशी वेगळ्या भावात विकतो. केंद्रात गाडी देतानाही हा डबा, बॅटरी, टायर यांचा भाव धरलाय का ते विचारून घ्या. आपण आधीच काही भाग काढून घेतले तर ते आपली किंमत कमी करतात. तेव्हा काय ठेवायचं आणि काय गाडीबरोबर द्यायचं, हे पाना हातात घेण्याआधीच बोलून ठरवा. इंजिनाचा नंबर नोंदणीपत्रावर असतो, त्यामुळे इंजिन बिनकागदाचं कुणाला सुटं विकायचं नाही, भाच्याला सुद्धा नाही.

आपल्याच चालू गाडीसाठी जुने सुटे भाग घ्यायची वेळ येते तेव्हाही हीच नजर लावा. मुंबईत कुर्ल्याला जुन्या भागांचा मोठा बाजार आहे, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी तरी गल्ली असते. दारं, काचा, दिवे, सीट, सेल्फ, अल्टरनेटर, रेडिएटरचा पंखा हे जुने घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे पाइप, रबरी नळ्या, स्टिअरिंगचे सांधे, सीटबेल्ट, टायर हे जुन्यातून घेऊ नयेत. टायर घ्यावाच लागला तर त्याच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, वय तिथे लिहिलेलं असतं.

प्रत्यक्ष खोलायचं काम मिस्त्रीचंच, पण गाडी आपल्या अंगणात खोलत असतील तर काही गोष्टी आपण बघायच्या. आधी बॅटरी सुटली पाहिजे. पेट्रोल, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी हे सगळं डब्यांत काढायचं. विहिरीच्या अंगाला, परसात सोडायचं नाही. रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेलं ते हिरवं कूलंट चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं, त्यामुळे कुत्रं-मांजर, पोरं यांच्यापासून लांब. जळकं तेल कुंपणाच्या खांबांना मारायला लोक मागतात, पण त्वचेला ते वाईट, म्हणून झाकण लावून गॅरेजला परत द्यावं. गॅसची टाकी मिस्त्रीने रिकामी केल्याशिवाय हात लावू नये. स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण असेल तर ते कुणीही उचकटायचं नाही. त्यात स्फोटाची पुडी असते आणि गाडी बंद असली तरी ती जिवंत असते. ती केंद्रातच निघाली पाहिजे.

गंजलेला बोल्ट घाईने फिरवला की तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल टाकून ठेवलं की सकाळी निम्मे बोल्ट आपसूक सुटतात. आमच्याकडचा म्हातारा मिस्त्री म्हणायचा, रात्रभर भिजलेला हरभरा आणि रात्रभर भिजलेला बोल्ट, दोघांना जोर लागत नाही. आग लावून बोल्ट सोडवणारे असतात, पण पेट्रोल काढल्यावर आणि टाकी लांब नेल्यावरच. आणि जिची उंबऱ्याची पट्टी खाल्लेली आहे, त्या गाडीला जॅकवर ठेवून कुणाला खाली झोपू देऊ नका. वर सांगितलेला जॅक आठवा, तो माणसावर आला असता. मजबूत लाकडी ओंडके किंवा स्टँड चासीपट्टीच्या धड जागी लावून मगच.

पाटी काढायची राहिली. गाडी नेताना दोन्ही नंबर प्लेटा आणि नोंदणीपत्र कुणाकडे दिलं त्याची पोच घ्या, गाडी उचलताना मोबाइलवर फोटो काढा, चासी नंबर दिसेल असा एक काढा. हे सगळं आणि जमा केल्याचं प्रमाणपत्र गटाच्या फायलीत लावा, आणि जिच्या नावावर गाडी होती तिच्या घरीही एक झेरॉक्स द्या. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत विषय गटाच्या इतिवृत्तात उघडाच ठेवायचा, दर बैठकीत एकदा विचारायचं, आला का कागद.

तुमच्या गटाने गाडी बघून ठेवली असेल आणि काही अडलं असेल तर आपल्या रेडिओ केंद्रावर चिठ्ठी पाठवा. गाडी कोणती, कुठल्या साली घेतलेली, आणि चुंबक कुठे कुठे सुटला, एवढं लिहा.